तपासणीच्या आदल्या दिवशीचा उपास

मामंजींना आत नेऊन पंधरा मिनिटेही झाली नसतील. आम्ही दोघी जावा बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात डॉक्टर स्वतःच बाहेर आले. इतक्या लवकर डॉक्टर बाहेर आले म्हणजे काहीतरी वाईटच, असे वाटून माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी मात्र शांतपणे विचारले, ‘काल यांनी काय खाल्लं होतं?’

‘काही नाही हो. उपास होता त्यांचा,’ मी म्हणाले.

‘उपासाला काय खाल्लं?’

मी सांगितले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी उकडलेली रताळी आणि दही, रात्री थोडी वरी आणि शेंगदाण्याची आमटी. झोपताना अशक्तपणा नको म्हणून दोन खजूर. डॉक्टरांनी कपाळाला हात तेवढा लावला नाही.

‘आतडं भरलेलं आहे. थोडं पुढे गेलो, पण काहीच दिसत नाही. पुन्हा तयारी करून यावं लागेल.’

झाले. तपासणीचे पैसे गेले, दिवस गेला, मामंजींच्या जिवाचे हाल झाले ते वेगळेच. आणि ती खिचडी मीच केली होती. दिवसभर तेवढ्यावरच राहायचे म्हणून दाण्याचे कूट जरा सढळ हाताने घातले होते.

हे सगळे छापून सांगण्यासारखे आहे का, असा प्रश्न घरात निघालाच. शौचाच्या गोष्टी चारचौघांत कोण बोलते? पण ओळखीपाळखीत विचारले तेव्हा कळले, की आमच्यासारखे परत पाठवलेले लोक कमी नाहीत. कुणी सकाळी ‘नुसतेच’ दूध पिऊन गेले होते, कुणी पावडर अर्धीच घेतली होती, कुणी ती घेतलीच नव्हती. प्रत्येकाला वाटत होते की चूक आपल्याच घरात झाली. म्हणून लिहायचे ठरवले.

आमचे मामंजी ७४ वर्षांचे. वर्षभर त्यांना शौचावाटे अधूनमधून रक्त पडत होते. मूळव्याध हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच असल्यामुळे आमच्या घरात त्यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. सुरणाची भाजी झाली, रात्रीचे ताक झाले, कुणीतरी आणून दिलेल्या पुड्याही झाल्या. रक्त थांबे, पुन्हा येई. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ८ वर आलेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्यायला सांगितले. या वयाच्या पुरुषाचे रक्त कारण नसताना कमी होत असेल, तर आतून कुठे गळती आहे का, हे पाहावेच लागते. मूळव्याध असली तरी तिच्या मागे दुसरे काही लपलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते.

तारीख घ्यायला मामंजी एकटेच गेले होते. खिडकीवर गर्दी होती. पावडरीचे एक पाकीट, इंग्रजीत छापलेला एक कागद आणि तोंडी एक वाक्य एवढे घेऊन ते परत आले. वाक्य असे: ‘नाळे उपास इर्री, नाडिद्द मुंजाने बर्री.’ उद्या उपास करा, परवा सकाळी या. मामंजींना कन्नड उत्तम येते, त्यांची उमेदीची वर्षे बैलहोंगलच्या बाजारपेठेत गेली. त्यामुळे वाक्य समजले नाही असे मुळीच नाही. अगदी नीट समजले, तीच तर अडचण झाली. कागदाची घडी बंडीच्या खिशात गेली आणि घरी आल्यावर त्यांनी मला सांगितले, ‘उद्या उपास आहे गं माझा.’

आता आपल्या मराठी घरात उपास म्हटला की काय होते, हे काय सांगायला हवे? एकादशी आणि दुप्पट खाशी! माझ्या धाकट्या जावेचे माहेर बैलहोंगलकडचे, कन्नड. तिच्या माहेरी उपासाला अवलक्की आणि उप्पिट्टसुद्धा चालते. म्हणजे दोन घरांचे दोन उपास. आणि खिडकीवरच्या माणसाच्या मनात होता तो तिसराच. त्याला म्हणायचे होते की घन पदार्थ काही खाऊ नका, नुसते निवळ पाण्यासारखे पदार्थ घ्या. शब्द एक, अर्थ तीन. त्यातल्या नेमक्या नको त्या अर्थाने आमच्या घरात पातेले चुलीवर चढले.

नंतर तो इंग्रजी कागद धाकट्या जावेने उलगडून वाचला. त्यात सगळे लिहिलेले होते! ‘लो रेसिड्यू डाएट’, ‘क्लिअर लिक्विड्स’, गोळ्या कोणत्या बंद करायच्या, पावडर किती वाजता. रेसिड्यू म्हणजे काय, तर आपण ज्याला चोथा म्हणतो तो. चोथा न उरणारे अन्न. एवढा साधा शब्द कागदावर असता, तर माझ्या हातून रताळी उकडली गेली नसती.

आत काय पाहतात?

मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. गुदद्वारातून एक लवचीक नळी सरकवत सरकवत त्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे उजव्या कुशीत खाली अपेंडिक्स असते तिथपर्यंत नेतात. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मग ती हळूहळू मागे घेताना आतड्याचे अस्तर इंच इंच पाहतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी ही तपासणी पूर्ण मोठ्या आतड्यापर्यंत नेली. त्याच सुमारास डॉ. शिन्या यांनी नळीतून तारेचा फास घालून आतली गाठ पोट न फाडता काढून दाखवली. त्याआधी अशा गाठीसाठी पोट उघडण्यावाचून फारसा मार्ग नव्हता.

या गाठींना पॉलिप म्हणतात. चामखीळ त्वचेवर उगवते तशा त्या अस्तरावर उगवतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण त्यांतल्या काही जातींच्या गाठी वर्षानुवर्षे वाढत जाऊन कॅन्सर होऊ शकतो. वेळीच दिसली तर त्याच बैठकीत काढून टाकता येते, पुढचे सगळे टळते. पण त्यासाठी ती दिसली पाहिजे. काही गाठी देठावर लोंबतात, त्या सहज दिसतात. काही मात्र अस्तराला चिकटून सपाट असतात, विशेषतः उजव्या बाजूला. त्यांच्यावर मळाचा पातळ थर असला तरी त्या झाकल्या जातात.

मी डॉक्टरांना भाबडेपणाने विचारले, की तुमच्याकडे एवढी यंत्रे आहेत, तर आत पाणी मारून धुऊन घेता येत नाही का? ते म्हणाले, थोडे धुता येते, शोषून घेता येते. पण ज्या वाटेने शोषायचे ती वाट तीन-चार मिलिमीटरची. पेरूची बी, टोमॅटोची बी, मेथीच्या पानाचा तुकडा अडकला की नळी तुंबते आणि तपासणी तिथेच थांबते. शेंगदाण्याच्या कुटाबद्दल त्यांनी काही म्हटले नाही. मीही विचारले नाही.

आतडे किती स्वच्छ आहे याला डॉक्टर गुणसुद्धा देतात. २००९ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी बसवलेली एक पद्धत आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. आतड्याचे तीन भाग करायचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन पडले तर पास. मामंजींना बहुधा एखादा गुण मिळाला असेल.

दुसरी खेप

दुसऱ्या खेपेची तारीख घ्यायला आम्ही दोघी मामंजींबरोबर गेलो. त्या दिवशी एक अनुभवी सिस्टर होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला बसवून वीस मिनिटे दिली. मामंजींशी मराठीत आणि माझ्या जावेशी कन्नडमध्ये बोलत त्यांनी एकच गोष्ट दोनदा समजावली. मला विचारले, ‘स्वयंपाक तुम्ही करता ना? मग ऐकायचं तुम्ही.’ हे मला फार पटले. या तपासणीचे अर्धे काम दवाखान्यात होते आणि अर्धे आपल्या स्वयंपाकघरात. रुग्ण जेवतो ते घरातल्या बाईच्या हातचे, आणि सूचना मिळतात रुग्णाला किंवा त्याच्याबरोबर गेलेल्या मुलाला. स्वयंपाकघरापर्यंत त्या पोचतातच असे नाही.

आम्हाला मामंजींच्या वयामुळे आणि जुन्या बद्धकोष्ठामुळे तीन दिवसांचे पथ्य दिले होते. धडधाकट माणसाला आता एका दिवसाचेही पुरते असे मानतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी सांगितले असेल तेच खरे. या तीन दिवसांत काय बंद, ते ऐकताना आमच्या घरचे रोजचे ताटच डोळ्यांपुढे आले. जोंधळ्याची भाकरी बंद. मेथी, पालक, पुंडीपल्ले, सगळ्या पालेभाज्या बंद. शेंगाची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ, खोबरे बंद. मोड आलेली कडधान्ये, वांगे, पेरू, डाळिंब, काकडी, टोमॅटो बंद. एरवी डॉक्टर ज्यासाठी आपल्या पाठी लागतात ते सगळे. ‘मग खायचं काय, वारा?’ असे मामंजींनी विचारलेच.

तर मऊ पांढरा भात, वरणाचे वरचे पाणी, चटणीशिवाय इडली, भाजी न घातलेला रव्याचा उप्पिट्ट फोडणीच्या मोहरीशिवाय, सालीशिवाय उकडलेला बटाटा, पांढरा पाव, खाणाऱ्यांसाठी अंडे. एरवी पचायला हलके म्हणून आपण आजाऱ्याला देतो तेच. नाचणीची अंबील मात्र नाही. ती पातळ असली तरी तिच्यात कोंडा असतो.

आदला दिवस निवळ पदार्थांचा. इथे आमची गाडी पुन्हा अडली असती. ‘क्लिअर लिक्विड’ म्हणजे पातळ पदार्थ, असे आपण समजतो आणि दूध, ताक, लस्सी, खीर देऊन मोकळे होतो. सिस्टर माझ्या जावेला म्हणाल्या, ‘तिळीसारू गोत्तल्ला? हंग इर्बेकु.’ आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कन्नड स्वयंपाकात सार खाली बसल्यावर वरची जी निवळी काढून घेतात, ती तिळीसारू. तिळी म्हणजे निवळ, आरपार दिसणारे. (तिळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. उलट तीळच वर्ज्य!) पेल्याच्या तळाशी ठेवलेले नाणे दिसले पाहिजे, ही त्यांची खूण.

या कसोटीवर मग आपोआप सगळे ठरत गेले. शहाळ्याचे पाणी चालते. लिंबाचे सरबत गाळून, कोरा चहा, कोरी कॉफी, सफरचंदाचा गाळलेला रस, गाळलेले सूप, भाताची वरची निवळी मीठ घालून, हे सगळे चालते. दूध नाही, ताक नाही, सोलकढी नाही. कोकमाचे सरबत आरपार दिसत असले तरी नाही, कारण लाल-जांभळा रंग आत गेला की कॅमेऱ्यात तो रक्तासारखा दिसतो. बीट, डाळिंबाचा रस, लाल रंगाची पेये यांचेही तेच. आमच्याकडे त्या दिवशी एका पाहुण्याने कुंद्याचा पुडा आणला होता. तो मामंजींच्या नजरेआड कपाटात ठेवावा लागला.

निवळ पदार्थ मात्र भरपूर घ्यावेत, दिवसभर घेत राहावेत. पावडर सुरू झाली की अंगातले पाणी कमी होते, वयस्करांना चक्कर येते. उपाशीपण कडक पाळले म्हणून तयारी जास्त चांगली होते, असे काही नाही.

खारट पाण्याची रात्र

पावडरीचे नाव पॉलिएथिलीन ग्लायकॉल. नाव अवघड, काम सोपे. हा पदार्थ आतड्यात शोषला जात नाही, स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतो आणि नळातून जोरात पाणी सोडावे तसे सगळे धुऊन नेतो. १९८० मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात क्षारांचे असे प्रमाण बसवले, की शरीरातले पाणी आणि क्षार फारसे आत-बाहेर होऊ नयेत. म्हणूनच हे पाणी खारट लागते, आणि म्हणूनच सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच ती पावडर कालवायची असते. पाणी कमी केले की हिशेब बिघडतो. आमचे पाकीट दोन लिटर पाण्याचे होते.

शेजारच्या काकूंचे म्हणणे, त्यापेक्षा चमचाभर एरंडेल द्या, रात्रीत मोकळे. एरंडेलाबद्दल आपल्या सगळ्यांनाच जिव्हाळा आहे. पण एरंडेलाने पोट साफ होते ते रोजच्या हिशेबाने, कॅमेऱ्याच्या हिशेबाने नव्हे. आणि दुकानातून आपल्या मनाने दुसरे जुलाबाचे औषध आणण्यातही धोका आहे. सोडियम फॉस्फेटचे औषध पूर्वी या कामासाठी सर्रास दिले जाई, कारण ते थोडेसेच प्यावे लागते. पण त्याने काही जणांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल कडक इशारा दिला. मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगितला पाहिजे, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध देतात.

पहिल्या खेपेला मामंजींनी चार पेले घेतले, दोनदा जाऊन आले आणि उरलेले ओतून दिले. ‘पोट साफ झालं की. आता आणि कशाला ते खारट पाणी?’ ही सगळ्यांचीच चूक. जुलाब सुरू झाले म्हणजे काम सुरू झाले, संपले नाही. तांदूळ धुताना पहिले धुवण पांढरट गढूळ निघते, मग हळूहळू पाणी निवळत जाते, तसेच हे. शेवटी लघवीसारखे पिवळसर, तळ दिसेल असे पाणीच पडले पाहिजे. त्यात कण दिसत असले तर दवाखान्यात फोन करून सांगावे. सिस्टर म्हणाल्या, ‘इथे सांगायची लाज वाटून घेऊ नका. आम्हाला तेवढंच ऐकायचं असतं.’

दुसऱ्या खेपेला औषध दोन हप्त्यांत दिले. अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी पूर्ण संपवायचे. त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, कारण गुंगीचे औषध द्यायचे असते. पहाटे साडेचारला उठवायचे म्हणून मामंजी कुरकुरले. पण त्याचे कारण कळल्यावर मला ते फार पटले. रात्री आतडे धुऊन ठेवले तरी लहान आतड्यातून पित्त आणि पाचकरस झिरपत राहतात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे त्याच उजव्या बाजूला, त्यांचा लेप बसतो. रात्री घासलेल्या पातेल्यात सकाळी पुन्हा ओघळ दिसावा तसे. पहाटेचा हप्ता तो ओघळ धुतो.

पिण्याच्या युक्त्या: पाणी फ्रीजमध्ये गार करून ठेवले, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, नळीने. मधूनच लिंबाची फोड चोखायची. मळमळले तर अर्धा तास थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आमच्या जुन्या घरात संडास परसात आहे. वाटेवर दिवा लावून ठेवला, फरशी कोरडी केली आणि धाकटे दीर मधल्या खोलीत झोपले. रात्री-अपरात्री घाईने उठताना म्हातारी माणसे पडतात, त्याची भीती पावडरीपेक्षा जास्त.

गोळ्यांचा डबा

पहिल्या वेळी राहून गेलेली आणखी एक गोष्ट म्हणजे लोहाच्या गोळ्या. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, म्हणून त्या आठवडाभर आधी बंद करतात. इसबगोलही थांबवतात, कारण त्याचे कामच मुळी चोथा वाढवणे. आम्ही दोन्ही आदल्या दिवसापर्यंत देत होतो.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलीन यांचे मात्र आपल्या मनाने काही करू नये. जेवण बंद आणि गोळी चालू, अशाने साखर एकदम उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या आता बऱ्याच जणांना असतात. त्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे उलट आहे. त्या परस्पर बंद करणे हृदयाच्या, मेंदूच्या रुग्णाला महागात पडू शकते, आणि न सांगता चालू ठेवल्या तर गाठ काढताना रक्तस्राव होतो. तो निर्णय डॉक्टरांचाच. सिस्टरने आम्हाला सगळ्या गोळ्यांचा डबाच पिशवीत घालून आणायला सांगितला होता, ते बरे झाले. मामंजींना नावे पाठ नव्हती, रंग पाठ होते.

बाहेरगावच्यांचे हाल

आम्ही शहरातच राहतो, म्हणून निभावले. पण बेळगावच्या दवाखान्यांत खानापूरच्या जंगलपट्ट्यातून, चंदगडहून, बैलहोंगल-सौंदत्तीकडून माणसे येतात. पहाटे औषध घेऊन सकाळच्या एसटीने निघायचे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. त्या भीतीने लोक पहाटेचा हप्ता टाळतात, तपासणी फुकट जाते आणि पुन्हा तीच एसटी. अशांनी आदल्या दिवशीच दवाखान्याजवळ नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्काम करावा. खोलीला लागून संडास आहे का, हे आधी पाहावे. किंवा तपासणीची वेळ दुपारची मागून घ्यावी. मागितली तर पुष्कळदा मिळते, पण मागत कोणी नाही.

आणि बायकांचे काय? मामंजींसाठी आम्ही दोघी होतो. तपासणी घरातल्या बाईचीच असेल, तर ती स्वतः निवळ पाण्यावर राहून इतरांच्या भाकऱ्या थापणार, आमटीचे मीठ चाखून बघणार आणि पाहुण्यांसमोर सारखे उठून जावे लागते म्हणून पावडर अर्ध्यावर सोडणार. त्या दोन दिवसांपुरता तरी ओटा दुसऱ्या कुणी सांभाळावा. मुळात रक्त पडते हे बाई सांगतच नाही, ते आणखी वेगळे दुखणे.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता त्याच सिस्टरांचा फोन आला. औषध सुरू केले का, काय खाल्ले, आता कसे पडते आहे, एवढीच चौकशी. दोन मिनिटांचा फोन. नंतर मला कळले, की चीनमधल्या डॉक्टरांनी हेच मोजून पाहिले होते. सहाशेंवर रुग्णांपैकी निम्म्यांना आदल्या दिवशी फोन करून सूचना पुन्हा समजावल्या, निम्म्यांना नाही. ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फोन गेलेल्यांत शंभरात सुमारे ८२ जणांची तयारी चांगली झाली, न गेलेल्यांत सुमारे ७०. गाठीही फोनवाल्यांतच जास्त सापडल्या, कारण दिसल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने सांगितले की शंभरात २० ते २५ तपासण्यांत आतडे पुरेसे स्वच्छ नसते, आणि सूचना लेखी व तोंडी दोन्ही द्याव्यात. २०२५ च्या सुधारित शिफारशींतही ते कायम आहे. म्हणजे अमेरिकेतही लोकांची खिचडी होतेच.

आपल्या भागात त्यात भाषेची भर. आमच्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बोलता येणे वेगळे आणि दवाखान्यात गोंधळलेल्या डोक्याने ऐकणे वेगळे. दवाखान्यांनी एका कागदावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड छापले, तर किती खर्च येईल? तोवर आपणच विचारावे. संकोच न करता, ‘उपास म्हणजे नक्की काय खायचं नाही?’ असे विचारावे, आणि जो स्वयंपाक करतो त्याला बरोबर न्यावे.

दुसऱ्या वेळी मामंजी आत गेले ते पाऊण तासाने बाहेर आले, गुंगीत, पण हसत. नळी घातलेली त्यांना आठवतच नव्हती. (गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कागदांवर सह्या करायच्या नाहीत, सोबत कोणीतरी लागतेच.) मूळव्याध होतीच. पण उजव्या बाजूला एक सपाट गाठ सापडली. ती काढून तपासायला पाठवली. तुकडा पाठवला म्हणजे कॅन्सरच, असा आपला समज. ते आठ दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. अहवाल आला: कॅन्सर नाही, मात्र पुढे होऊ शकेल अशा जातीची गाठ होती, पूर्ण निघाली आहे, तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला या. पहिल्या वेळी खिचडीखाली झाकलेला भाग तो हाच.

माझ्या जावेने सिस्टरांचे सगळे बोलणे एका वहीच्या पानावर उतरवून घेतले होते, एका बाजूला मराठीत आणि मागे कन्नडमध्ये. ते पान आमच्या फ्रीजच्या दारावर अजून आहे आणि त्याच्या झेरॉक्स गल्लीत फिरताहेत. परवा चंदगडच्या आमच्या एका नातेवाइकांना एक प्रत दिली. त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात. काल रात्री त्यांचा फोन आला, ‘वहिनी, शहाळं चालतं असं लिवलंय. मग आतली मलई?’

मलई नाही. नुसते पाणी, तेही गाळून.